अम्मींसाठी खोली शोधताना

चार वर्षांपूर्वी आम्ही दोन रात्रींचे मिळून बाराशे रुपये वाचवले होते. ते बाराशे रुपये आमच्या घरात अजून कुणी विसरलेले नाही.

मे महिन्याची सुट्टी होती. एका थंड हवेच्या ठिकाणी जायचे ठरले. मोबाइलवर फोटो पाहून दोन हॉटेले निवडली, त्यांच्या भाड्यात रात्रीला सहाशे रुपयांचा फरक. ‘झोपायलाच तर जायचे आहे’ असे म्हणून आम्ही स्वस्तातले घेतले. फोटोत पांढरीशुभ्र चादर होती, खिडकीत दरी होती. प्रत्यक्षात खोली दुसऱ्या मजल्यावर निघाली, जिना अरुंद, न्हाणीघराला वीतभर उंच उंबरठा आणि आत गुळगुळीत फरशी. पहिल्याच पहाटे फजरच्या वजूसाठी अम्मी उठल्या. दिव्याचे बटण अंधारात सापडेना. आम्ही झोपलेले, आम्हाला उठवायचे त्यांच्या जिवावर आले. उंबरठ्याला पाय अडला आणि त्या आत पडल्या. उजवे मनगट मोडले.

सहल तिथेच संपली. एक्स-रे, प्लास्टर, गाडीभाडे यांत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले. पैशांचे दुःख नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हात अल्हमदुलिल्लाह बरा झाला. पण त्यानंतर कुठे जायचे नाव काढले की अम्मींचे एकच उत्तर असे, “तुम्ही जाऊन या. मी घर राखते.” तक्रार नाही, टोमणा नाही. त्या एकदा जरी रागावल्या असत्या तरी आम्हाला बरे वाटले असते.

आम्ही कल्याणचे. अब्बा रेल्वेत होते, कल्याणच्या लोकोशेडमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. त्यांची बहीण कर्जतला राहायची. वर्षातून दोन-तीनदा अम्मी आणि अब्बा कर्जत लोकलने तिच्याकडे जात. वाटेत नेरळ स्टेशन आले की अब्बा खिडकीतून बोट दाखवत. पलीकडच्या फलाटाला ती इवलीशी आगगाडी उभी असे. “पुढच्या वर्षी तुला यातून माथेरानला नेतो,” असे ते म्हणत. पुढचे वर्ष काही आले नाही. कधी बहिणींची लग्ने, कधी घराचे छप्पर, कधी आमच्या फिया. अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली. अम्मींनी हे आम्हाला कधी सांगितले नव्हते. या वर्षी धाकट्याने शाळेच्या वहीत झुकझुकगाडी काढली, तेव्हा त्या चित्राकडे पाहत त्यांनी त्याला सांगितले आणि आम्ही स्वयंपाकघरातून ऐकले.

रात्री आम्ही दोघांनी ठरवले. सकाळी अम्मींना विचारले, “माथेरानला जाऊ या?”

आम्हाला वाटले, त्या घर राखायचे म्हणतील. त्यांनी विचारले, “तिथे पायऱ्या किती आहेत?”

तेवढ्या प्रश्नावर आमचा सगळा शोध उभा राहिला.

माथेरानचे आपले एक वेगळेपण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचे हे ठिकाण १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी इंग्रजांच्या नकाशावर आणले. आज ते रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात येते. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथून बाजार सुमारे अडीच-तीन किलोमीटर. पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीच्या शटलने जायचे. त्यामुळे हॉटेल निवडताना इतर ठिकाणी जो प्रश्न शेवटी येतो, तो इथे पहिला विचारावा लागतो. हॉटेल नेमके कुठे आहे? महाबळेश्वरला हॉटेल चार किलोमीटर लांब असले तर टॅक्सी दारापर्यंत येते. इथे पाऊण किलोमीटर लांब असले तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते कैदखाना होऊ शकते.

आम्ही एक वही घेतली. अंदाजपत्रक ठरवले: पाच माणसे, दोन रात्री, सगळे धरून पंधरा हजार. त्याच्या वर जायचे नाही. खर्चात उधळपट्टी नको आणि कंजुषीही नको, ही शिकवण आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. उधळपट्टी आम्ही कधी केली नव्हती. कंजुषी मात्र एकदा करून बसलो होतो.

वहीत अकरा हॉटेलांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे सारखेच प्रश्न. माथेरान स्टेशनपासून पायी किती मिनिटे, चढ आहे का? तळमजल्यावर खोली मिळेल का, दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का? शौचालय कमोडचे आहे का, शेजारी पाण्याची सोय आहे का, न्हाणीघराला उंबरठा आहे का? गरम पाणी किती ते किती? भाडे खोलीचे की माणशी? जेवण बंधनकारक आहे का? कर धरून की वेगळा? जादा गादीचे किती? खोली किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायची?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो नक्की विचारा. डोंगरावरच्या पुष्कळ हॉटेलांत खोली सकाळी लवकर सोडावी लागते. दोन रात्रींचे पैसे भरून दुसरा दिवस सामानासकट बाकावर काढलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

फोटोंवर या वेळी विसंबलो नाही. लोकांचे अभिप्राय मात्र वाचले, आणि वाचण्याची एक रीत सापडली. ‘फारच छान’ आणि ‘अगदी वाईट’ दोन्ही सोडून द्यायचे. मधले वाचायचे, तेही पावसाळ्यात गेलेल्यांचे. ओल, गळती, कुबट वास, बंद पडणारे गिझर हे सगळे पावसाळ्यातच उघडे पडते. जो माणूस ‘चहा बरा होता पण चादर दमट होती’ असे लिहितो, तो खरे लिहितो.

मग फोन. अकरापैकी चार हॉटेलांनी प्रश्न ऐकून घेण्याआधीच “ऑनलाइन बघा” म्हणून फोन ठेवला. एकाकडे भाव पटला, खोली तळमजल्यावर आहे म्हणाले. नाव विचारले, आम्ही सांगितले. “पाच मिनिटांत कळवतो,” म्हणाले. अर्ध्या तासाने आम्हीच फोन केला, तर हॉटेल भरले होते. असेलही भरलेले. आम्ही वाद घातला नाही, वहीत फुली मारली. थोरली शेजारी बसून ऐकत होती. ती तेरा वर्षांची आहे. “अब्बू, नाव ऐकून नाही म्हणाले का?” तिने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. खोटे सांगावे असे वाटले नाही आणि खरे काय ते आम्हालाही ठाऊक नव्हते. “ठाऊक नाही बेटा,” एवढेच म्हणालो. पण त्या दिवसापासून एक बदल केला. फोन लागला की सलाम-नमस्कारानंतर आधी नाव सांगायचे, मग खोली विचारायची. ज्याला नाही म्हणायचे आहे त्याने लगेच म्हणावे, आपला अर्धा तास वाचतो. आश्चर्य म्हणजे त्यानंतरच्या सहाही हॉटेलांनी नीट उत्तरे दिली.

त्यातून तीन उरली. पहिल्याचे भाडे रात्रीला २,२०० रुपये. स्वच्छ, पण स्टेशनपासून पंचवीस मिनिटांची चाल. दुसऱ्याचे ३,४०० आणि जादा गादीचे ४००, स्टेशनपासून सहा मिनिटे. तिसऱ्यात खोली वेगळी मिळत नव्हती. माणशी १,६०० रुपयांत खोली, नाश्ता, दोन जेवणे आणि चहा, मुलांना निम्मे. म्हणजे आम्हा पाच जणांचे दिवसाला ६,४००, कर वेगळा.

कराबद्दल एक माहिती उपयोगी पडेल. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. एका हॉटेलवाल्याने आम्हाला अजूनही १२ टक्केच सांगितले. आम्ही नम्रपणे तारीख सांगितली, त्याने हिशेब बदलला.

आकडे मांडले. दुसऱ्या हॉटेलची खोली आणि गादी मिळून ३,८००, कर १९०, म्हणजे ३,९९०. बाहेर जेवणाचा अंदाज दिवसाला २,१००. एकूण ६,०९०. तिसऱ्याचे करासह ६,७२०. फरक ६३० रुपयांचा, शिवाय तिसऱ्यात दुपारी जिथे असू तिथून जेवायला परत यायची सक्ती. पहिले सगळ्यांत स्वस्त दिसत होते, पण अम्मींना दर वेळी बाजारात आणायचे-न्यायचे भाडे धरले की त्यातली बरीचशी बचत आटत होती. आणि भाड्याच्या भीतीने अम्मी पुन्हा ‘तुम्ही जाऊन या’ म्हणाल्या असत्या, हे तर आम्हाला न मोजताही कळत होते.

जेवणाचा प्रश्न आपल्या घरांत नेहमी येतो. माथेरानला शुद्ध शाकाहारी, जैन पद्धतीचे जेवण देणारी हॉटेले पुष्कळ आहेत. काही नातेवाईक म्हणाले, “तिथे आपल्याला काय मिळणार?” आम्हाला तर ही सोयच वाटली. दोन दिवस डाळ, भाजी, ठेपले खाल्ल्याने काही बिघडत नाही आणि मनात शंकाही राहत नाही. मुलांच्या हट्टासाठी बाजारात विचारपूस करून एक हलाल खानावळ सापडली, तिथे एकदा जेवलो.

दुसऱ्या हॉटेलला आम्ही पुन्हा फोन केला. व्यवस्थापक मध्यमवयीन वाटत होते. पायऱ्यांचे विचारले तर म्हणाले, “चार-पाच असतील. थांबा, बघून सांगतो.” दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. “भाऊ, सात आहेत. कठडा एकाच बाजूला आहे, डाव्या. न्हाणीघराला छोटा उंबरठा आहे, दोन बोटांचा. रबरी पट्टी टाकून ठेवतो. गरम पाणी फक्त सकाळी सहा ते नऊ, ते वाढवता येणार नाही.”

स्वतःच्या हॉटेलचे उणे सांगणारा माणूस आम्हाला त्या अकरांत पहिल्यांदा भेटला. निम्मे पैसे तिथल्या तिथे पाठवले.

नोव्हेंबरअखेरच्या मंगळवारी निघालो. शनिवार-रविवार टाळल्याने तेच भाडे बरेच खाली येते; मुलांची दोन दिवस शाळा बुडाली, ती आम्ही मान्य केली. कल्याणहून कर्जत लोकलने पाऊण तासात नेरळ. छोट्या गाडीच्या वर जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या आणि जागा थोड्या. रांगेत आमचा नंबर येईपर्यंत तिकिटे संपली. अम्मी काही बोलल्या नाहीत. टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथे नगरपरिषदेचा प्रवेशकर आणि अमन लॉजहून शटल. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हाही हे शटल चालू राहते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्टेशनबाहेर हातरिक्षावाले उभे होते. एकाने अम्मींचे चालणे पाहून रिक्षा पुढे आणली. अम्मींनी मान हलवली. “माणसाने मला ओढायचे आणि मी बसून हवा खायची? नको रे बाबा.” मग त्यांनीच त्याची चौकशी सुरू केली, किती वर्षे ओढतोस, घरी कोण कोण. बावीस वर्षे, तो म्हणाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले होते आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळावी अशी योजना आखायला सरकारला सांगितले होते. तो त्याच वाटेकडे डोळे लावून होता. अम्मी म्हणाल्या, “तोवर तुझी रोजी बुडायला नको. सामान घे.” सामान रिक्षात गेले आणि आम्ही तिच्या मागून चालत. सहा मिनिटांची वाट अम्मींना चौदा मिनिटे लागली. वाटेत दोनदा बसलो.

पायऱ्या सातच होत्या. कठडा डाव्या बाजूला होता. अम्मींनी एकेक मोजत चढल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “खरे बोलला तो.”

खोली काही राजवाडा नव्हती. भिंतीचा रंग एका कोपऱ्यात उडालेला, कपाटाचे दार नीट लागत नव्हते. पण चादरी कोरड्या होत्या, उंबरठ्यावर पट्टी होती आणि दिव्याचे बटण आतल्या बाजूला होते. आम्ही पहिल्यांदा तेच पाहिले. कल्याणपासून हे अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे कसर नाही, नमाज पूर्ण पढायची. त्यामुळे पलंगांमध्ये दोन मुसल्ले अंथरता येतील एवढी मोकळी जागा आम्ही आधीच विचारून घेतली होती. किब्ला मावळत्या सूर्यावरून धरायचा असेल तर हिवाळ्यात एक काळजी घ्यावी. तेव्हा सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. आपल्या भागात किब्ला त्याच्या उजवीकडे येतो.

पहाटे फजरला अम्मी उठल्या, तेव्हा आम्ही दोघेही जागे होतो, डोळे मिटून पडलो होतो. बटणाचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, मग मुसल्ला झटकल्याचा. तेवढे ऐकून आम्ही उठलो.

दोन दिवसांत अम्मींनी फार काही पाहिले नाही. खंडाळा पॉइंट बाजाराजवळ आहे, तिथे दोन्ही सकाळी गेल्या. बाकी वेळ हॉटेलच्या ओट्यावर बसून लाल मातीची वाट आणि घोडे पाहत राहिल्या. शार्लोट तलाव आणि इको पॉइंट आम्ही मुलांबरोबर आळीपाळीने उरकले, म्हणजे कुणीतरी अम्मींजवळ राहील. एका माकडाने धाकट्याच्या हातातला पाव पळवला. खिडक्या बंद ठेवा असे हॉटेलवाले सांगतात, ते उगाच नाही.

परतीला मात्र आम्ही हयगय केली नाही. तिकीटखिडकी उघडण्याच्या आधी रांगेत उभे राहिलो आणि माथेरान ते नेरळ पूर्ण गाडीची पाच तिकिटे मिळवली. अम्मी खिडकीशी बसल्या. वाटेत थोरलीने त्यांना वाचून दाखवले. ही गाडी बांधली सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योगपतींच्या घराण्याने. काम १९०४ ते १९०७ चालले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते उभे राहून करून घेतले, खर्च सुमारे १६ लाख रुपये आला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, वाट सुमारे २१ किलोमीटरची. २००५ च्या महापुरात मार्ग वाहून गेला, दोन वर्षांनी गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले आणि २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली.

“आपल्यातल्या माणसाने बांधली?” अम्मींनी विचारले. “तुझ्या दादांना हे ठाऊक असणार. रेल्वेचे सगळे ठाऊक असायचे त्यांना.” जुम्मापट्टी स्टेशनची पाटी वाचून त्या हसल्या. मग नेरळ येईपर्यंत फारसे बोलल्या नाहीत. नेरळला उतरल्यावर पलीकडच्या फलाटावर कल्याणची लोकल येताना दिसली, पण आम्ही ती सोडली. अम्मींना त्या छोट्या गाडीजवळ थोडा वेळ उभे राहायचे होते.

घरी येऊन वहीत हिशेब लिहिला. खोली ७,९८०, जेवण ३,९००, प्रवास, प्रवेशकर आणि सामानाचे भाडे २,४५०. एकूण १४,३३०. उरलेले ६७० चिक्कीत आणि अम्मींच्या नव्या चपलेत गेले.

हे सगळे सविस्तर लिहायचे कारण एवढेच की आपल्या घरांत सहलीचा हिशेब बहुतेक वेळा कमावत्या माणसाच्या खिशावरून ठरतो आणि हॉटेल मुलांच्या आवडीवरून. घरातले जे माणूस सगळ्यांत हळू चालते, त्याच्यापासून सुरुवात केली तर बाकीचे प्रश्न आपोआप जागेवर येतात. मध्यम भाड्याच्या चांगल्या खोलीसाठी फार शोध लागत नाही. दहा-बारा फोन, एक वही आणि न लाजता विचारलेले प्रश्न पुरतात. न्हाणीघराच्या उंबरठ्याचे विचारायला आम्हालाही सुरुवातीला संकोच वाटला होता.

गेल्या आठवड्यात अम्मींनी ती वही मागून घेतली. मुंब्र्याच्या खालाजानना फोन लावला आणि चष्मा चढवून हॉटेलचा नंबर वाचून दाखवला. “तुझे गुडघे माझ्यापेक्षा वाईट,” त्या सांगत होत्या, “पण सातच पायऱ्या आहेत. कठडा डाव्या हाताला. मी येते तुझ्याबरोबर.”